पीएच, ईसी, डीओ, फ्लोराइड : मिलिव्होल्टकडे बघत केलेलं कॅलिब्रेशन

पाणी तपासायच्या यंत्राच्या कॅलिब्रेशनला, म्हणजे ओळखीच्या द्रावणांवर त्याचे आकडे जुळवायला बसलो की आम्ही सुरुवातीला काहीच जुळवत नाही. आहे त्याच सेटिंगवर प्रत्येक इलेक्ट्रोड (पाण्यात बुडवून मोजणारा भाग) ओळखीच्या द्रावणात बुडवायचा आणि जे दिसेल ते वहीत उतरवायचं. पीएचच्या (आम्ल-अल्कतेच्या) ७.०० बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणात, यंत्र ७.०३ दाखवत असेल, तर मागच्या कॅलिब्रेशनपासून आजपर्यंतच्या नोंदींवर भरवसा ठेवता येतो. ७.३५ दाखवत असेल, तर मधल्या सगळ्या नोंदी संशयाच्या यादीत जातात. कॅलिब्रेशनचं बटण एकदा दाबलं की हा पुरावा पुसला जातो, तो परत मिळत नाही. म्हणून ही दोन मिनिटं कितीही घाई असली तरी सोडायची नाहीत.

दुसरी सवय मिलिव्होल्ट बघण्याची. पीएच, ओआरपी (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद) आणि फ्लोराइडसारखे आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड मुळात व्होल्टेज देतात, यंत्राच्या स्क्रीनवरचा पीएच किंवा मिलिग्रॅमचा आकडा यंत्राने त्यावरून काढलेला असतो. यंत्र चुकीच्या बफरलाही ‘कॅलिब्रेशन यशस्वी’ म्हणतं. मिलिव्होल्टचा आकडा मात्र इलेक्ट्रोडची प्रकृती जशी आहे तशी सांगतो. बहुतेक यंत्रांत मोड बदलून तो बघता येतो.

सुरुवात तापमानापासून. यंत्रातला तापमानाचा सेन्सर आणि ०.१ अंशाचा तपासलेला थर्मामीटर एकाच बादलीभर पाण्यात ठेवून पाच-दहा मिनिटं थांबतो. यात एका अंशाचा फरक निघाला तर ईसीत (विद्युतवाहकतेत, म्हणजे पाण्यातल्या क्षारांच्या मापात) सुमारे दोन टक्के चूक आधीच शिरलेली असते. डीओत (पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनच्या मापात) ती जास्त असते, कारण प्रोबच्या टोकावरच्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन झिरपण्याचा वेगच अंशाला तीन-चार टक्क्यांनी बदलतो. त्याच कारणाने सगळ्या बाटल्या, डिस्टिल्ड वॉटर आणि यंत्र दोन-तीन तास एकाच टेबलावर ठेवतो. फ्रिजमधून काढलेला बफर थेट वापरला की रीडिंग सरकत राहतं आणि दोष इलेक्ट्रोडला दिला जातो.

मग क्रम ठरतो: आधी ईसी, नंतर डीओ, पीएच, ओआरपी आणि शेवटी फ्लोराइड. ईसी पहिली घेण्यामागे दोन कारणं आहेत. पीएचचे बफर आणि इलेक्ट्रोड साठवायचं पोटॅशियम क्लोराइड, दोन्ही भरपूर खारट. त्यांचा एक थेंब ईसीच्या स्टँडर्डमध्ये (ठरलेल्या किमतीच्या द्रावणात) पडला तरी आकडा हलतो. शिवाय अनेक यंत्रं डीओची क्षारतेची दुरुस्ती ईसीवरूनच करतात, म्हणजे ईसी चुकली की तिच्यामागे डीओही चुकतो.

ईसीसाठी नेहमीचं स्टँडर्ड म्हणजे १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरचं, ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड. घरच्या घरी करायचं असेल तर १०५ अंशाला दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये गार केलेलं ०.७४५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड २५ अंशाला एक लिटर करायचं. पाणी चांगलं डीआयोनाइज्ड हवं. सेल, म्हणजे ईसी मोजणारा भाग, आधी डिस्टिल्ड वॉटरने आणि मग त्याच स्टँडर्डने दोन-तीनदा खळबळून घेतो आणि ते खळबळलेलं फेकतो. हवेत, पूर्ण कोरड्या सेलचं रीडिंग जवळजवळ शून्य यायला हवं. तसं आलं नाही तर आत ओल किंवा क्षार बसलेत.

ईसीत सर्वांत जास्त घोळ दोन गोष्टी घालतात. एक बुडबुडा. सेलच्या वरच्या बाजूला जी छोटी भोकं असतात ती पाण्याखाली गेलीच पाहिजेत. प्रोब तिरका करून दोन-तीनदा हलकेच टिचकी मारली की अडकलेली हवा निघते. बुडबुडा असला की रीडिंग नेहमी कमी येतं, आणि त्याच अवस्थेत कॅलिब्रेशन केलं तर नंतरचं सगळं पाणी जास्त खारट दिसतं. दुसरी गोष्ट तापमान-भरपाईची, म्हणजे यंत्र रीडिंग आपोआप २५ अंशावर नेतं त्याची. १४१३ हा आकडा २५ अंशाचा आहे. तेच द्रावण २० अंशाला प्रत्यक्षात १२७८ असतं. यंत्राची भरपाई बंद आहे, खोली २० अंशाला आहे, आणि बाटलीवर १४१३ लिहिलंय म्हणून तोच आकडा भरला, तर त्यानंतरचं प्रत्येक रीडिंग साडेदहा टक्क्यांनी फुगतं. भरपाई चालू असेल तर १४१३ भरायचे, बंद असेल तर बाटलीवरच्या तक्त्यातून त्या तापमानाचा आकडा घ्यायचा.

जुळवल्यावर सेल कॉन्स्टंट (त्या सेलचा रीडिंगला लागणारा गुणक) बघायचा. आधीचा १.०० होता आणि स्टँडर्डमध्ये १३८० दिसत होते, तर नवा १४१३ भागिले १३८०, म्हणजे १.०२४. एवढा बदल चालतो. एकदम १.२ किंवा ०.८ वर गेला तर तो स्वीकारायचा नाही. सेल धुवायची, स्टँडर्ड नवं घ्यायचं, पुन्हा बघायचं. चुन्याचा थर असेल तर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात दहा मिनिटं ठेवून धुतलं की पुरतं. प्लॅटिनमचा काळा थर दिलेल्या सेलला मात्र ब्रश लावायचा नाही, तो थरच निघून जातो. ८४ मायक्रोसीमेन्ससारखं पातळ स्टँडर्ड उघडं ठेवलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून वर चढतं, ते ओतल्या ओतल्या वापरावं. आणि टीडीएसचा (विरघळलेल्या एकूण क्षारांचा) आकडा जुळत नाही म्हणून ईसीवरून तो काढायचा ०.५ चा गुणक ०.७ करणं म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. ईसी बरोबर असेल तर गुणक पाण्यातल्या क्षारांच्या प्रकारावरून ठरतो.

डीओचा पडदा लावलेला प्रोब हातात घेतला की आधी उजेडात पडदा निरखतो. सुरकुती, भोक, कडेला सुटलेली ओ-रिंग, आणि पडद्याखाली हवेचा बुडबुडा. यातलं काहीही असलं तर कॅलिब्रेशन करून उपयोग नाही, पडदा बदलायचा. बदलताना आतलं इलेक्ट्रोलाइट नवं भरायचं, सोन्याचा कॅथोड कंपनीने दिलेल्या बारीक कागदाने हलकेच पुसायचा, आणि पडदा ताणून बसवायचा. त्यानंतर पोलरोग्राफिक (यंत्राकडून व्होल्टेज लागणारा) प्रोब काही तास, शक्यतो रात्रभर तसाच ठेवतो. नवा पडदा बसताना थोडा सैलावतो, आणि घाईने जुळवलेला आकडा दुसऱ्या दिवशी सरकलेला सापडतो. रोजच्या वापरातही यंत्र चालू करून दहा-पंधरा मिनिटं पोलरायझेशनला, म्हणजे त्या व्होल्टेजवर प्रोब स्थिरावायला द्यावी लागतात. स्वतःच व्होल्टेज तयार करणाऱ्या गॅल्व्हॅनिक प्रोबला ही वाट बघावी लागत नाही.

डीओचं कॅलिब्रेशन आम्ही ओलाव्याने भरलेल्या हवेत करतो. कपाच्या तळाशी तीनेक मिलिमीटर पाणी, प्रोब त्या पाण्याच्या वर, पडद्यावर एकही थेंब नाही. थेंब असला तर टिश्यूच्या टोकाने अलगद टिपून घ्यायचा. कप घट्ट लावायचा नाही, एखादा आटा सैल सोडायचा, नाहीतर आतला दाब बाहेरच्यापेक्षा वेगळा होतो. दहा-पंधरा मिनिटं. तापमान आणि डीओ दोन्ही थांबले की मगच जुळवायचं.

इथे हवेचा दाब अचूक लागतो, आणि गफलत होते ती इथेच. हवामानाच्या बातम्यांतला दाब समुद्रसपाटीवर आणलेला असतो, आपल्याला हवा तो प्रत्यक्ष जागेवरचा. समुद्रसपाटीला ७६० मिलिमीटर पारा असताना ६०० मीटर उंचीवर साधारण ७०७ भरतो. २५ अंशाला संपृक्त गोड्या पाण्यात ७६० वर ८.२६ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन असतो, ७०७ वर सुमारे ७.७. बातमीतला दाब भरला तर अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त चूक पहिल्याच पायरीला झाली. कॅलिब्रेशननंतर आम्ही तक्त्याशी ताडून बघतो: ७६० मिलिमीटरवर २० अंशाला ९.०९, ३० अंशाला ७.५६, हे आकडे पाठच झालेले असतात.

शून्याची तपासणी बरेच जण टाळतात. १०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम सोडियम सल्फाइट, ताजंच केलेलं. जमलं तर त्यात कोबाल्ट क्लोराइडचा कणभर. प्रोब बुडवला की पाच मिनिटांत आकडा ०.१ ते ०.२ च्या खाली यायला हवा. ०.५ वर अडून बसला तर पडद्याला बारीक भोक आहे किंवा कॅथोड मळलाय. तपासणी झाली की प्रोब भरपूर पाण्याने धुवायचा. पडद्यावर राहिलेला सल्फाइट पुढच्या नमुन्यातला ऑक्सिजन खात बसतो. आणखी एक ध्यानात ठेवायचं: हा प्रोब मोजता मोजता स्वतःच ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे स्थिर पाण्यात आकडा हळूहळू उतरतो. स्टरर लावा किंवा प्रोब हलवत राहा.

आता पीएच, ज्यात सर्वांत जास्त वेळ जातो आणि जावाही. आधी इलेक्ट्रोडची अवस्था. भरता येणारा इलेक्ट्रोड असेल तर आतलं इलेक्ट्रोलाइट भरण्याच्या भोकापासून फार खाली नको. मोजताना त्याची पातळी बाहेरच्या द्रावणापेक्षा दोनेक सेंटीमीटर वर हवी, आणि भोक उघडं हवं. भोक बंद राहिलं की जंक्शनमधून (आतलं इलेक्ट्रोलाइट बाहेर झिरपायच्या बारीक वाटेतून) पाझर थांबतो आणि रीडिंग भटकतं. काचेच्या फुग्यात आत बुडबुडा दिसला तर ताप मोजायचं जुनं थर्मामीटर झटकतात तसा इलेक्ट्रोड खाली झटकायचा. कोरडा पडलेला असेल तर ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये निदान काही तास. डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवायचा नाही, आतले क्षार बाहेर ओढले जातात आणि रेफरन्स (तुलनेसाठीचा आतला स्थिर इलेक्ट्रोड) बिघडतो.

धुताना डिस्टिल्ड वॉटर, मग टिश्यूने टिपणं. पुसायचं नाही. घासल्याने काचेवर स्थिर विद्युतभार येतो आणि पुढचं रीडिंग स्थिरावायला वेळ लागतो. बफर दोन भांड्यांत घेणं चांगलं: पहिल्यात खळबळायचं, दुसऱ्यात मोजायचं.

पहिला बफर ७.००. मग ज्या बाजूला नमुने आहेत त्या बाजूचा. पिण्याचं पाणी बहुतेक ६.५ ते ८.५ मध्ये असतं, म्हणून ७ आणि १० पुरतात, पण आम्ही ४.०१ सुद्धा घेतो, कारण स्लोपची (एका पीएचमागे किती मिलिव्होल्ट बदलतात त्याची) शहानिशा त्यावरच नीट होते. २५ अंशाचं एक उदाहरण घेऊ. ७.०० मध्ये −८ मिलिव्होल्ट, ४.०१ मध्ये +१६५. फरक १७३, पीएचचा फरक २.९९, म्हणजे एका पीएचला ५७.९ मिलिव्होल्ट. सैद्धांतिक आकडा ५९.१६, तेव्हा स्लोप ९७.८ टक्के. उत्तम. ऑफसेट, म्हणजे ७.०० मधला मिलिव्होल्टचा आकडा, −८, तोही ठीक, ±३० च्या आत असला की चालतो. आता याच स्लोपने १०.०१ मध्ये −१८२ च्या आसपास यायला हवेत. समजा −१७० आले. यंत्र ते मुकाट स्वीकारेल आणि वरच्या बाजूचा स्लोप ९१ टक्के लिहील. पण खालच्या बाजूला ९८ आणि वरच्या बाजूला ९१ असं निघालं की आम्ही इलेक्ट्रोडआधी बाटलीवर संशय घेतो. १० चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून खाली सरकतो, ४ आणि ७ त्या मानाने टिकतात. नवी बाटली फोडली आणि आकडा −१८१ वर आला, तर विषय संपला. नाही आला, तर काच म्हातारी झालीय.

स्लोप ९५ ते १०२ टक्के असेल तर निश्चिंत. ९० ते ९५ मध्ये आला की साफसफाई करून पुन्हा. ९० च्या खाली राहिला तर इलेक्ट्रोड बदलायचा. १०५ टक्के आला तर खूश व्हायचं कारण नाही, एखादा बफर तरी चुकीचा आहे किंवा तापमान चुकीचं भरलंय. सैद्धांतिक स्लोप तापमानाबरोबर बदलतो: २० अंशाला ५८.१७, ३० अंशाला ६०.१५. बफरची किंमतही बदलते. १०.०१ चा बफर २० अंशाला १०.०६ असतो. तापमानाचा प्रोब बफरमध्ये बुडालेला असेल तर यंत्र हे स्वतः सांभाळतं, टेबलावर पडलेला असेल तर नाही.

यंत्राने बफर आपोआप ओळखण्यात एक सापळा आहे. बफरचे दोन संच बाजारात असतात: ४.०१, ७.००, १०.०१ आणि ४.०१, ६.८६, ९.१८. यंत्र पहिल्या संचावर लावलेलं आणि बाटली ६.८६ ची, तर यंत्र तिलाच ७.०० समजतं आणि सगळे नमुने ०.१४ ने वर जातात. स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं. इथेही मिलिव्होल्ट वाचवतात, ऑफसेट मागच्या नोंदीपेक्षा एकदम आठ मिलिव्होल्टने हललेला दिसतो.

बफरमध्ये रीडिंग मिनिटभरात स्थिरावलं पाहिजे. तीन मिनिटं सरकतच राहिलं तर बहुधा जंक्शन तुंबलंय. चुना किंवा लोहाचा थर असेल तर ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात पंधरा मिनिटं. तेलकटपणाला कोमट पाणी आणि भांडी घासायचा सौम्य साबण. सांडपाण्यातल्या प्रथिनांना त्याच आम्लात ५ टक्के पेप्सिन. जंक्शन काळं पडलं असेल तर ते सिल्व्हर सल्फाइड, त्याला आम्लातलं थायोयुरिया लागतं, काळेपणा जाईपर्यंत. कुठल्याही सफाईनंतर आतलं इलेक्ट्रोलाइट बदलून इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडमध्ये तासभर ठेवायचा आणि मगच कॅलिब्रेशन.

लक्षणांवरून रोग ओळखायची सवय लागली की वेळ वाचतो. सगळ्या बफरमध्ये एकच आकडा, तोही सातच्या आसपास: काचेला तडा, किंवा केबलच्या जोडात ओल. ऑफसेट आठवड्यागणिक एकाच दिशेला: रेफरन्समध्ये बाहेरचं पाणी शिरलं. केबलजवळ हात नेला की आकडा नाचतो: केबलचं संरक्षक वेष्टन (शील्ड) तुटलंय, किंवा जंक्शन द्रावणाबाहेर आहे. बफरमध्ये झकास आणि आरओच्या पाण्यात अस्थिर: कॅलिब्रेशन पुन्हा करू नका. क्षार नसलेल्या पाण्यात प्रवाह नीट वाहत नाही, तिथे नमुन्यात थोडं शुद्ध पोटॅशियम क्लोराइड घालावं किंवा अशा पाण्यासाठीचा इलेक्ट्रोड वापरावा.

ओआरपीला एकच बिंदू पुरतो. झोबेल या ओआरपीच्या ठरलेल्या द्रावणात सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्सशी २५ अंशाला सुमारे २३० मिलिव्होल्ट, तापमान वाढलं की अंशाला साधारण १.३ ने कमी. दहा-पंधराचा फरक असेल तर सोडून देतो. जास्त असेल तर आधी प्लॅटिनम साफ करतो. झोबेलमध्ये फेरो आणि फेरीसायनाइड असतात, ते आम्लाच्या भांड्यात कधीही ओतायचं नाही. त्याची बाटली वेगळी, टाकायचा डबाही वेगळा.

फ्लोराइडचं काम संथ आहे, आणि त्यात मिलिव्होल्टची किंमत सर्वांत जास्त कळते. एक मिलिव्होल्ट चुकलं की चार टक्के चूक, पाच चुकली की वीस टक्क्यांच्या वर. १०० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या साठ्यासाठी ११० अंशाला वाळवलेलं ०.२२१० ग्रॅम सोडियम फ्लोराइड एक लिटर करायचं. त्यातून १ आणि १० चं स्टँडर्ड. सगळं प्लॅस्टिकच्या भांड्यात, काचेच्या नाही. प्रत्येक स्टँडर्डमध्ये आणि प्रत्येक नमुन्यात टीसॅब (पीएच आणि क्षारता एकसारखी ठेवणारं द्रावण) समान आकारमानात: ५० मिलिलिटर पाणी, ५० मिलिलिटर टीसॅब. ते पीएच ५ ते ५.५ वर धरतं. त्याखाली फ्लोराइड हायड्रोजनशी जोडला जातो आणि इलेक्ट्रोडला दिसत नाही. बरंच वर गेलं की हायड्रॉक्साइड स्वतःच फ्लोराइड असल्याचं भासवतो. ॲल्युमिनियम आणि लोहाने धरून ठेवलेला फ्लोराइडही टीसॅब मोकळा करतं.

मोजायचं पातळाकडून दाटाकडे. स्टररचा वेग सगळ्यांना एकच, आणि स्टरर व भांड्याच्या मध्ये थर्माकोलचा तुकडा, कारण मोटर तापते आणि भांड्याला तापवते. १ च्या स्टँडर्डमध्ये स्थिरावायला तीन ते पाच मिनिटं द्यावी लागतात. १ ते १० मध्ये मिलिव्होल्ट ५४ ते ६० ने खाली उतरले पाहिजेत. ५० च उतरले तर आधी पाहायचं ते इलेक्ट्रोडच्या टोकावरच्या क्रिस्टलखाली चिकटलेला बुडबुडा, इलेक्ट्रोड थोडा तिरका धरला की तो निघतो. मग टीसॅब दोन्हीकडे सारखं पडलंय का. क्रिस्टल मळका असेल तर ओल्या बारीक पॉलिशिंग कागदाने अगदी हलकेच. नमुने मोजत असताना दर दोन तासांनी १ चं स्टँडर्ड पुन्हा बुडवतो. दोन मिलिव्होल्टपेक्षा जास्त सरकलं असेल तर पुन्हा जुळवतो.

सगळं जुळवून झालं की तपासणी वेगळ्या बाटलीने, शक्यतो वेगळ्या लॉटच्या. ज्या बफरने जुळवलं त्यानेच तपासलं तर यंत्र फक्त आपलंच म्हणणं परत ऐकवतं. पीएच ०.०५ च्या आत, ईसी तीन टक्क्यांच्या आत, डीओ ०.२ च्या आत आलं तर यंत्र बाहेर न्यायला तयार. संध्याकाळी परतल्यावर हीच तपासणी पुन्हा, काहीही न जुळवता. सकाळ आणि संध्याकाळ यांच्यातला फरक दिवसभराच्या नोंदींशेजारी लिहितो. मर्यादेबाहेर गेला तर त्या नोंदींवर खूण करतो, आकडे मागाहून दुरुस्त करत बसत नाही.

वहीत तारीख, तापमान, हवेचा दाब, बफरचा लॉट आणि उघडल्याची तारीख, प्रत्येक बफरचे मिलिव्होल्ट, स्लोप, ऑफसेट, सेल कॉन्स्टंट. वापरलेला बफर बाटलीत परत ओतायचा नाही. १० चा बफर उघडल्यावर महिन्याभरात संपवायचा किंवा फेकायचा. पीएचच्या टोपीत पोटॅशियम क्लोराइड, डीओच्या टोपीत ओला स्पंज, ईसीची सेल स्वच्छ धुऊन कोरडी. फ्लोराइडचा एकदोन दिवसांत लागणार असेल तर पातळ स्टँडर्डमध्ये, नाहीतर धुऊन, टिपून, टोपी लावून कोरडा.